नळीला दोन तोंडं असतात

बडोद्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. माहेर निपाणीकडचं, आई कन्नड बोलणारी, वडील मराठी. सासर बडोद्यातलं, चार पिढ्या तिथंच रुजलेलं मराठी कुटुंब. दारात गुजराती, स्वयंपाकघरात मराठी आणि फोनवर आईशी कन्नड. मुलगा तिन्ही भाषांत हट्ट करतो, असं त्यांनीच लिहिलंय.

सध्याचा हट्ट माशांच्या टाकीचा. शेजारचं कुटुंब बदली होऊन गेलं आणि जाताना तीन फुटी काचेची टाकी यांना देऊन गेलं. घर म्हणजे टेनामेंट, आपण ज्याला रो हाऊस म्हणतो ते. पुढं हातभर अंगण, अंगणात नळ, नळाला झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप. त्या लिहितात, ‘बादल्या वाहून कंबर मोडते. पाइप खिडकीतून आत घेऊन सरळ टाकीत सोडला तर चालेल का? मागं एकदा लहान टाकी अशीच भरली होती. तिसऱ्या दिवशी दोन गोल्डफिश गेले. सासूबाई म्हणाल्या, घरावरचं काहीतरी होतं, ते बिचाऱ्यांनी अंगावर घेतलं.’

ताई, पाइपानं टाकी भरता येते. पण अंगणातला तो हिरवा पाइप नको, नळाचं पाणी जसंच्या तसं नको, आणि पाइपाचं तोंड टाकीच्या पाण्यात बुडवायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी मासे पाळणारे बरेच जण सांगतात. तिसरी सहसा कुणी सांगत नाही, आणि ती माशांपेक्षा माणसांच्या जिवाशी जास्त निगडित आहे. म्हणून आजची सगळी जागा या विषयाला दिली.

आधी तुमच्या कंबरेचा हिशेब. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे साडेचार घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या थोडं वर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरली तर १२७ लिटर. न्हाणीघरातली बादली १५ लिटरची धरली तर आठ-नऊ खेपा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तेव्हा नुसत्या पाण्याचंच वजन सव्वा क्विंटल, त्यावर काच आणि वाळू वेगळी. टीव्हीचं जुनं टेबल हे पेलत नाही, हे जाता जाता सांगते. पण रोज काही पूर्ण टाकी भरायची नसते. एकदा मासे रुळले की आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं तरी पुरतं, म्हणजे तीस लिटर, दोन बादल्या. त्या दोन बादल्या नीट तयार करून ओतल्या तर पाइपाची कटकटच नको, असं माझं स्वतःचं मत. पण पहिल्यांदा भरताना, किंवा कंबर खरंच दुखत असेल तर, पाइप लागणारच. तेव्हा तो कसा वापरायचा ते बघू.

त्या दोन गोल्डफिशचं काय झालं असावं? माशानं घरावरचं संकट अंगावर घेतलं, ही समजूत आता बडोद्यात काय, बेळगावात काय, सगळीकडे आहे. वास्तुशास्त्राच्या आणि फेंगशुईच्या पुस्तकांनी ती घरोघरी पोचवली. सासूबाईंचा मान राखून सांगते, माशानं अंगावर काही घेतलं असेल तर ते बहुधा क्लोरीन असावं.

बडोदेकरांना आपल्या पाण्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर आजव्याचं मोठं तळं बांधलं गेलं. त्याचं नाव सयाजी सरोवर. १८९२ पासून बडोद्याला त्याचं नळाचं पाणी मिळू लागलं. शहर वाढलं तसं महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं आणि पुढं नर्मदेच्या कालव्याचं पाणीही जोडलं गेलं. आजव्याचं पाणी निमेट्याच्या केंद्रात शुद्ध होतं. आपल्याकडे राकसकोप आणि हिडकलच्या पाण्याचं जे होतं तेच. गाळून, निवळून शेवटी त्यात क्लोरीन. भारतीय मानकाप्रमाणे हा क्लोरीन आपल्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवा. वाटेत कुठं घाण मिसळली तर ती मारायला तो असतो. आपल्या पोटाला त्याचं काही वाटत नाही. माशाचं मात्र वेगळं. तो पाणी पितो त्यापेक्षा पाण्यातूनच श्वास घेतो, आणि त्याचे कल्ले कांद्याच्या पापुद्र्यासारखे नाजूक. या ०.२ च्या दहाव्या हिश्श्याएवढा क्लोरीनही त्यांना सोसत नाही, कल्ले भाजल्यासारखे होतात.

शिवाय टाकीत, वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात चांगले जीवाणू वाढलेले असतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि हे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानानं निरुपद्रवी नायट्रेट करतात. क्लोरीन त्यांनाही मारतो. मग अमोनिया साठत जातो आणि मासा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो. तुमची टाकी नवीन होती असं दिसतं. नव्या टाकीत हे जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा सगळा आळ एकट्या क्लोरीनवर घालत नाही. पण पाइप सरळ नळाला होता म्हणजे तो आत गेलाच असणार.

बादलीत पाणी एक दिवस उघडं ठेवलं, त्यात हवेचा पंप सोडला तर क्लोरीन उडून जातो. पाइपानं भरताना ती सवड मिळत नाही. त्यावर उपाय स्वस्त आहे. मत्स्यालयाच्या दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून बाटली मिळते. तिच्यात बहुतेक वेळा असतं ते सोडियम थायोसल्फेट, म्हणजेच हायपो. फिल्मचे फोटो धुवायचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना हे नाव ठाऊक असेल, स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत हेच लागायचं. खडे विकत घेतले तर दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण दोन सपाट चमचे, शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवा. यातलं एक मिलिलिटर पंचवीस लिटर पाण्याला पुरतं. तुमच्या पूर्ण टाकीला पाच मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं छोटं झाकण भरेल इतकं. टाकीत मासे असताना पाइपानं पाणी वाढवायचं असेल तर औषध पाणी सोडण्याच्या आधी घाला, आणि ते येणाऱ्या पाण्यापुरतं न घालता पूर्ण टाकीच्या हिशेबानं घाला. एक सांगायला हवं, हे खडे हुबेहूब खडीसाखरेसारखे दिसतात. घरात लहान मूल आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून वरच्या फळीवर ठेवा.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर येऊन मगरी वस्तीत शिरल्या, ती छायाचित्रं आपणही पाहिली. २०१९ च्या त्याच पावसाळ्यात आपला भागही पाण्याखाली होता. अशा पुरानंतर पाणी गढूळ येतं आणि रोगराई टाळण्यासाठी पालिका क्लोरीन वाढवते. वाढवायलाच हवा. नळ सोडल्यावर पोहण्याच्या तलावासारखा वास आला, की त्या आठवड्यात पाणी बदलायचं टाळा, खाद्य निम्मं करा. बदलणं भागच असेल तर हायपो दुप्पट घ्या आणि हवेचा पंप चालू ठेवा.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परड्यात अजून विहिरी आहेत. तुमच्या पाण्यात क्लोरीन नाही (गॅस्ट्रोच्या साथीत कुणी ब्लीचिंग पावडर टाकली नसेल तर), पण म्हणून ते सरळ सोडावं असं नाही. खोल विहिरीचं आणि बोअरचं पाणी जड असतं आणि त्यात प्राणवायू फार कमी असतो. ते उंचावरून धार धरून बादलीत ओता, दोन-तीनदा वरखाली करा, मग टाकीत घाला. चहा थंड करायला आपण वरखाली करतो ना, तसंच. आणि आरओचं पाणी माशांना उत्तम, असा एक नवाच समज निघालाय. नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, माशांना ते मानवत नाही.

आता पाइपाकडे वळू. झाडांचा हिरवा पाइप पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मुळात कडक. तो वेटोळं करण्याइतका मऊ व्हावा म्हणून त्यात मऊपणा आणणारी रसायनं मिसळतात आणि उन्हानं तो तडकू नये म्हणून आणखी काही. पूर्वी त्यासाठी शिशाचे क्षार सर्रास वापरत. पीव्हीसी पाइपांतल्या शिशावर बंधन आणणारे नियम केंद्र सरकारनं २०२१ मध्ये केले. पण अंगणातला पाइप बहुधा त्याआधीचा, आणि झाडांसाठी म्हणून घेतलेला. पिण्याचं पाणी त्यातून जाईल असं करणाऱ्यानंही गृहीत धरलेलं नसतं. टोकाला पितळेची जोडणी असेल तर तांबं आणि जस्त उतरतं. माणसाला एवढ्याशा तांब्यानं काही होत नाही, गोगलगायी आणि झिंगे मात्र त्यानं पटकन मरतात.

पाइपात अडकून राहिलेलं पाणी सगळ्यात वाईट. बडोद्याचा मे महिना म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश. फरशीवर वेटोळं घालून पडलेल्या पाइपातलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. त्या उष्णतेत प्लॅस्टिकमधली रसायनं जास्त उतरतात, आणि रात्री कोमट झालं की आतल्या बुळबुळीत थरात जंतू मजेत वाढतात. नळ सोडल्यावर पहिल्यांदा येणारा तो रबरासारखा वास आठवा. तो वास टाकीत नको. म्हणून नळ सोडून पाणी गार आणि बिनवासाचं होईपर्यंत, मिनिट-दोन मिनिटं, धार बादलीत धरा. ती बादली तुळशीला, जास्वंदीला द्या. वाया काही जात नाही.

यापेक्षा बरं म्हणजे टाकीसाठी पाइपच वेगळा घ्यायचा. हार्डवेअरच्या दुकानात ‘फूड ग्रेड’ असं छापलेला, आत दोऱ्याची जाळी असलेला पारदर्शक पाइप मिळतो. पारदर्शक असल्यानं आत शेवाळ धरलं की दिसतं. लागतो तेवढाच, पाच-सहा मीटर कापून घ्या, टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि घरातल्या सगळ्यांना बजावा, की यानं गाडी धुवायची नाही आणि झाडांना औषध फवारायचं नाही. काम झालं की पाणी पूर्ण काढून सावलीत टांगून ठेवायचा.

पाण्याचं तापमानही बघा. छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात दुपारी चटका देतं आणि जानेवारीत सकाळी बर्फासारखं असतं. टाकीतलं आणि येणारं पाणी यांत दोन अंशांहून जास्त फरक नको. दुकानात थर्मामीटर स्वस्तात मिळतो. तो नसेल तर एक हात टाकीत आणि दुसरा बादलीत धरून बघा. फरक जाणवला तर थांबा. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि थंडीत दुपारी भरलेलं बरं.

आता मुख्य मुद्दा. इथं थोडं कन्नड आणते, कारण कन्नडमध्ये नळाला ‘नल्ली’ म्हणतात. नळाचं पाणी ते ‘नल्ली नीरु’. मराठीत नळ वेगळा, नळी वेगळी आणि नल्ली म्हटलं की मटणाचं ताट डोळ्यांसमोर येतं. नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांची यावरून झालेली फजिती आपल्या भागात बऱ्याच घरांनी पाहिलीय. पण ‘नीर बंतु!’ ही हाक मात्र दोन्ही भाषांतल्या घरांना सारखीच कळते. गल्लीत हाक उठली की हातातलं काम टाकून बायका नळाकडे धावतात, कारण पाणी येतं ते ठरल्या वेळी आणि जातं ते न सांगता.

बडोद्यातही पाणी ठरावीक वेळेलाच येतं. म्हणूनच घरोघरी अंगणात जमिनीखाली टाकं आणि छतावर टाकी. आणि याच कारणानं पाइपाचं तोंड पाण्यात बुडवायचं नाही. काय होतं ते सांगते. तुम्ही पाइपाचं टोक माशांच्या टाकीत तळाशी सोडलंय, नळ चालू आहे, आणि तेवढ्यात पाणी गेलं. मोठ्या पाइपातला दाब उतरला. रस्त्याखालच्या पाइपातलं पाणी उताराकडच्या घरांत ओसरतंय, त्यात कुणी लाइनीला थेट मोटर लावून ओढत असेल तर विचारूच नका. पाइपात पोकळी तयार होते आणि ती जवळचं पाणी ओढून घेते. तुमच्या पाइपाचं दुसरं तोंड माशांच्या पाण्यात आहे. ते पाणी पाइपातून उलटं नळात, नळातून लाइनीत.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वक्रनलिका असायची ती हीच. दोन पेले घ्या, एक उंचावर, एक खाली. पाण्यानं भरलेली नळी एका पेल्यातून दुसऱ्यात सोडा, वरचा पेला आपोआप रिकामा होतो. त्याला मोटर लागत नाही, फक्त दोन तोंडं आणि उंचीतला फरक लागतो. मुलाला हा प्रयोग करून दाखवा, त्याच्या हट्टाला अभ्यासाचं खत मिळेल.

आणि माशांच्या पाण्यात काय असतं? विष्ठा, कुजलेलं खाद्य, माशांना पांढरे ठिपके आले तर आपण घातलेली निळी-हिरवी औषधं. साल्मोनेला असू शकतो. टाकीत हात घालणाऱ्यांच्या बोटांना कधीकधी एक चिवट संसर्ग होतो, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात. डॉक्टर त्याला फिश टँक ग्रॅन्युलोमा म्हणतात आणि त्याचे जंतू क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद आहेत. हे सगळं आपल्या पिण्याच्या नळात, आणि दाब फारच उतरला तर शेजारच्या नळात. शेजारी कुणाची बाळंतीण असेल, कुणाकडे केमोथेरपी चालू असेल. त्यांनी मासे पाळलेले नाहीत.

हा काही मनाचा खेळ नाही. पाणी थांबून थांबून येतं तेव्हा लाइनीत बाहेरची घाण शिरते, हे आपल्याच राज्यात मोजलं गेलंय. २००८ मध्ये बेळगाव, हुबळी-धारवाड आणि तेव्हाचं गुलबर्गा इथल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. पुढं हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी येणारे भाग आणि अधूनमधून पाणी येणारे भाग यांच्या नळांच्या पाण्याची तुलना संशोधकांनी केली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. थांबून येणाऱ्या पाण्यात विष्ठेतले जंतू कितीतरी जास्त वेळा सापडले. ती घाण माशांच्या टाक्यांतून आली असं कुणी म्हटलेलं नाही, गळक्या जोडांतून आणि गटारांतून ती येतेच. पण दाब उतरला की पाइप बाहेरचं आत ओढतो हे त्यातून कळतं, आणि आपण त्याच्या तोंडाशी काय ठेवायचं हे आपल्या हातात आहे.

तर करायचं एवढंच. पाइपाचं तोंड टाकीच्या काठाच्या चार बोटं वर राहील असं धरा. हातात धरून कंटाळा येतो आणि कंटाळा आला की तो पाण्यात सुटतो. म्हणून एक काठी खिडकीच्या गजाला आडवी बांधा आणि पाइप तिला सुतळीनं पक्का करा. धार उंचावरून पडून वाळू उकरते, तर खाली एक ताटली ठेवा आणि नळ अर्धाच सोडा. मध्ये हवा आहे तोवर पाणी मागं जाऊ शकत नाही. उंचावरून पडताना त्यात थोडी हवाही मिसळते, हा वरचा फायदा. प्लंबर सांगेल, एनआरव्ही बसवा, पाणी एकाच बाजूला जाऊ देणारा व्हॉल्व्ह. बसवा, चांगलाच आहे. पण त्यात कचरा अडकतो, रबर झिजतं आणि ते झिजलंय हे बाहेरून कळत नाही. चार बोटांची हवा झिजत नाही. छतावरच्या टाकीचा नळ असला तरी नियम हाच, कारण ती टाकी रिकामी होत आली आणि खाली स्वयंपाकघरात कुणी नळ उघडला तर ओढ तशीच लागते.

याच्याच जोडीची आणखी एक सवय मोडायला हवी. टाकीतलं जुनं पाणी काढायला बरेच जण नळी तोंडात धरून ओढतात. पेट्रोल काढायची जुनी खोड. घोटभर तरी पोटात जातंच. त्यापेक्षा नळी पाण्यात पूर्ण बुडवून भरून घ्या, एका टोकाला अंगठा लावा, ते टोक बादलीत नेऊन अंगठा सोडा. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि काम झाल्यावर साबणानं हात धुवा.

विजेचं थोडक्यात सांगते, पण थोडक्यात आहे म्हणून कमी महत्त्वाचं नाही. पाइप आत घेण्याआधी फिल्टर, हवेचा पंप, दिवा, हीटर सगळ्यांचे प्लग काढा, नुसती बटणं बंद करून भागत नाही. हीटर बंद केल्यावर वीस मिनिटं थांबा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते आणि आतली तार पाण्यात उघडी पडते. वायर भिंतीवरच्या बोर्डाकडे सरळ नेऊ नका, बोर्डाच्या खाली तिला झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाशी ठिबकतं, प्लगमध्ये जात नाही. घरात गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, ईएलसीबी किंवा आरसीसीबी, नसेल तर टाकीच्या आधी तो बसवून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी मुलगा, एका हातात पाइप आणि दुसरा हात दिव्याच्या बटणावर, हे चित्र डोळ्यांसमोर आणलंत तर मी आग्रह का करते ते कळेल. आणि पाइप चालू असताना फोन घ्यायला जायचं नाही. आईचा असला तरी. कन्नडमधलं बोलणं पाच मिनिटांत संपत नसतं, आणि तेवढ्यात सव्वाशे लिटरची टाकी हॉलभर पसरते.

मी तुमच्या जागी असते तर पाइप नळाला लावलाच नसता. बडोद्यात कूलर नाही असं घर विरळा. त्या कूलरमध्ये असतो तसा छोटा बुडता पंप बाजारात स्वस्तात मिळतो. नवा घ्या, कूलरमधला जुना क्षार धरलेला नको. अंगणात सावलीत एक स्वच्छ ड्रम ठेवा. आदल्या संध्याकाळी पाणी येईल तेव्हा तो भरा, इथंही नळाचं तोंड पाण्याच्या वर. हायपो घाला, रात्रभर ठेवा, डास होऊ नयेत म्हणून वर पातळ कापड बांधा. सकाळी पंप ड्रममध्ये सोडून तो लाल पट्टीचा पाइप खिडकीतून टाकीवर बांधा आणि मग प्लग लावा. पंप चालू असताना ड्रममध्ये हात घालायचा नाही. पाणी निवलेलं, बिनक्लोरीनचं, टाकीच्या पाण्याइतकंच कोमट, आणि शहराच्या लाइनीशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. पंप बंद केल्यावर पाणी ड्रमकडे उलटं धावू नये म्हणून इथंही तोंड पाण्याच्या वर, पण समजा चुकून बुडालंच तर नुकसान फार तर ड्रमचं.

शेजाऱ्यांनी दिलेली टाकी किती दिवस कोरडी पडून होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या टाकीच्या जोडांतून पाणी झिरपू शकतं. म्हणून ती हॉलमध्ये मांडण्याआधी अंगणात सावलीत, सपाट फरशीवर, खाली थर्मोकोलचा तक्ता घालून भरा आणि चोवीस तास तशीच ठेवा. चारी कोपऱ्यांना वर्तमानपत्राचे कागद लावून ठेवलेत तर कुठं ओल आली ते लगेच दिसेल. भरलेली टाकी मात्र जागची हलवायची नाही, आधी पाणी काढायचं. या चाचणीपुरता तुमचा तो हिरवा पाइप खुशाल वापरा, फक्त तोंड पाण्याच्या वर धरून. दुसऱ्या दिवशी ते पाणी झाडांना जाईल आणि टाकी नुसत्या पाण्यानं, साबण न लावता, धुऊन आत घेता येईल.